वांदरं, पारवे आणि पऱ्हाटीचा ढीग

हिवरखेडातून उत्तरेकडं पाहिलं की सातपुड्याची रांग समोर उभी असते. तेल्हारा तालुक्यातलं हे मोठं गाव. भोवती पऱ्हाटी, तूर, हरभऱ्याची वावरं आणि संत्र्याचे बगीचे, आणि डोंगर चढायला लागलं की मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. उन्हाळ्यात इथल्या टिनांवर वांदरं धडधडतात, मृगाच्या पहिल्या सरीनंतर मोरीत साप निघतो, गावाच्या कडेला राहणाऱ्यांच्या परसात रात्री डुकरं उकरून जातात, आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यावर पारव्यांचा मुक्काम तर बारमाही. लोकांचा त्रास खरा आहे. गहू तीन दिवस भिजवून, चीक काढून, शिजवून घातलेल्या कुरडया एका सकाळी वांदरांनी नेल्या, तर त्या घरच्या बाईला कुणी निसर्गप्रेम शिकवायला जाऊ नये.

पण या त्रासावर जे उपाय आपण करतो ते बहुधा जनावरावर करतो. ते कशासाठी आलं, तिकडं लक्ष जात नाही. खाणं, पाणी आणि आडोसा, या तीन गोष्टींखेरीज कोणताही जीव माणसाच्या घरात शिरायचा धोका पत्करत नाही. हाकलायचं काम रोज करावं लागतं. येण्याचं कारण काढून टाकलं तर ते काम पुष्कळ दिवस पुरतं.

वांदरांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त तक्रार त्यांचीच. आपल्याकडचं वांदर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर. याचं जठर कप्प्याकप्प्यांचं असतं आणि आतले जिवाणू पानांतला चोथा आंबवून फोडतात. म्हणजे हा जीव मुळात पानं खाऊन जगणारा. माघ-फाल्गुनात डोंगरातल्या सागाची पानं झडतात, नाल्यांतले डोह आटतात, आणि त्याच सुमारास गावातल्या कडुलिंबाला पालवी फुटते, शेवग्याला शेंगा लागतात, चिंच पिकते, गच्चीवरच्या टाक्यांत पाणी असतं. कळप खाली उतरतो तो यासाठी. इथपर्यंतचा दोष कुणाचाच नाही. पुढचं मात्र आपण करतो. शनिवारी मारुतीच्या पारावर केळी, शेंगदाणे, पोळ्या ठेवतो. जे बळ मिळवायला दिवसभर पाला चघळावा लागतो, ते दोन पोळ्यांत मिळतं हे एकदा कळलं की वानर पाल्याकडं फिरकत नाही. पिल्लू आईच्या पोटाला बिलगून हे सारं पाहत असतं. मोठं झालं की ते थेट माणसाच्या हातातली पिशवी ओढतं. मारुतीला नैवेद्य जरूर दाखवावा, पण तो वांदरापुढं ठेवू नये, एवढी विनंती मी प्रत्येक पारावर करीन.

मग वाट पाहायची. एखाद्या सकाळी घराबाहेर शांत बसून कळप कुठून येतो ते बघा. ठरलेल्या झाडावरून ठरलेल्या टिनावर, तिथून शेजारच्या गच्चीवर, असा त्याचा रस्ता जवळपास कायम असतो. वानर बारा-पंधरा फुटांची उडी सहज घेतं, तेव्हा छपरावर आलेली फांदी दोन फूट छाटून काही होत नाही. उडी पोचणार नाही इतकी मोकळी जागा झाड आणि छपरामध्ये पाडावी लागते. झाड तोडायची गरज नसते, त्या बाजूच्या फांद्या काढल्या तरी पुरतं. टाकीचं झाकण नुसतं ठेवलेलं नको, कडी-बोल्टानं बसवलेलं हवं. स्वयंपाकघराच्या खिडकीला वेल्डमेशची जाळी हवी. सैल टिनं आणखी वाजतात आणि वाकतातही. जे-हुक पुन्हा आवळून घेतले तर निम्मं नुकसान तिथंच थांबतं. वाळवणावर साडी किंवा मच्छरदाणी टाकून भागत नाही, चार फळ्यांची चौकट आणि वरून तारेची जाळी असा साधा पिंजरा सुताराकडून एकदा करून घ्यावा. तो पुढं वर्षानुवर्षं कामाला येतो.

भीती दाखवायचे उपाय थोडेच दिवस चालतात. कापडी वाघ, चमकणाऱ्या पट्ट्या, डबे वाजवणं, सगळ्याला वानर सरावतं, कारण त्यामागून काही होत नाही हे त्याला लवकर समजतं. वापरायचेच असतील तर जागा आणि प्रकार सारखे बदलत राहावे लागतात. पण प्लॅस्टिकच्या पाइपची कार्बाइडची बंदूक कृपा करून घरात आणू नका. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगी मिळाली की त्याचा स्फोट होतो. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावतं आणि त्याच क्षणी तो उडतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर गावांत या बंदुकांनी शंभराहून अधिक जणांचे डोळे जखमी झाले, त्यांत बहुतेक मुलं होती. वांदरं हाकलायला म्हणून मिळणारी ही वस्तू आपल्याकडंही पोचली आहे.

‘हुप्प्याला पकडून न्या, कळप आपोआप जाईल,’ असं गावात हमखास ऐकू येतं. तसं होत नाही. वानरांचा कळप बहुधा एक प्रौढ नर, अनेक माद्या आणि पिल्लं असा असतो. बाहेर एकटे-दुकटे किंवा टोळीनं फिरणारे नर संधीची वाट पाहत असतात. कर्नाटकातल्या धारवाडला १९६० च्या दशकात जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी हे जवळून पाहिलं : कळपाचा नर हटला की बाहेरचा नर आत घुसतो आणि आधीच्या नराची लहान पिल्लं मारतो. पुढं अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनीही तेच नोंदवलं. हुप्प्या नेला तर कळप जागच्या जागी राहतो. त्यात मारामाऱ्या सुरू होतात आणि बिथरलेल्या माद्या माणसावर धावून येण्याची भीती वाढते. सगळा कळप नेऊन दूर सोडला तरी खाणं-पाणी तसंच असेल तर मोकळ्या जागी दुसरा येतो. एखादं वानर खरोखरच चावरं झालं असेल तर त्याला पकडण्याचं काम वनविभागाचं. त्यांचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक घराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. वानर, रोही, रानडुक्कर, साप हे सगळे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अनुसूचींची मांडणी बदलली, पण परवानगीशिवाय मारणं-पकडणं हा आजही गुन्हाच आहे.

वानर घरात शिरलंच तर दार अडवून उभं राहू नका. त्याला बाहेर जायची वाट दिसू द्या, नजरेला नजर देऊ नका, आणि पिल्लाला हात लावू नका. ओरखडा किंवा चावा लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस पुढं ठरलेल्या दिवशी घ्यावी लागते. जखम बरी दिसते म्हणून मधला डोस चुकवायचा नाही.

डुकरांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं खरं रणांगण वावरात आहे. परसापर्यंत ती येतात ती खरकटं, उघडा उकिरडा आणि मऊ ओल्या मातीतल्या कंदांसाठी. उकिरडा झाकला आणि खरकटं रात्रीचं बाहेर राहिलं नाही, तर घराशी त्यांचं काम उरत नाही. कुंपणाला घरातल्या विजेचा आकडा जोडणं मात्र माणूस मारणं आहे. घरातला २३० व्होल्टचा प्रवाह सलग असतो. त्यानं हाताचे स्नायू आखडतात आणि तार सुटत नाही. सौर कुंपणाचं यंत्र सेकंदाला साधारण एकदा, अगदी क्षणांशापुरता झटका देतं, त्यामुळे जनावर दचकून मागं हटतं आणि माणूस लागला तरी सुटतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना अशा कुंपणासाठी मदत दिली जाते. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. पिकाचं नुकसान झालं असेल तर तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडं लेखी तक्रार द्यायची, पंचनामा होईपर्यंत वावर तसंच ठेवायचं.

पारव्यांना डोंगरकड्यांच्या कपारी आवडतात, आणि वाड्याचा माळा, विहिरीतले कोनाडे, जिनिंगची उंच छपरं ही त्यांच्या लेखी कपारीच आहेत. मादी एका वेळी दोन अंडी घालते, सुमारे १८ दिवसांत पिल्लं निघतात, आणि महिनाभरानं ती उडतात. वर्षात असं कितीतरी वेळा होतं. म्हणून जाळी लावायची ती पिल्लं उडून गेल्यावर. आधी लावली तर आत अडकलेली पिल्लं मरून कुजतात आणि बाहेर आई धडका देत राहते. जाळीचा डोळा दोन इंचांपेक्षा मोठा नको, आणि कडा चारी बाजूंनी ताणून बांधलेल्या हव्यात. एक कोपरा सैल राहिला तर पारवा नेमका तिथूनच शिरतो. सपाट वळचणीवर पत्र्याची किंवा फळीची तिरपी पट्टी ४५ अंशांत ठोकली तर त्याला बसायला जागा राहत नाही. साठलेली विष्ठा कोरडी झाडू नये. तिच्या धुळीत बुरशीचे कण असतात आणि वर्षानुवर्षं ती धूळ श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेनं दादरचा कबुतरखाना बंद केला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं, तेव्हा मूळ मुद्दा हाच होता. विष्ठेवर आधी पाणी मारा, तोंडाला मास्क किंवा ओला दुपट्टा बांधा, मग खरवडा.

पाण्याच्या टाकीखाली किंवा पिंपळावर बसलेलं आग्या मोहोळ जाळण्याचा हट्ट गावात दर वर्षी कुणीतरी धरतं. या माश्या ऋतूप्रमाणे जागा बदलतात. फुलोरा संपला की पोळं सोडून जातात. डिवचल्यावर एक माशी डसली की तिच्या डंखातून सुटणारा वास बाकीच्यांना त्याच माणसाकडं बोलावतो, म्हणून तिथं उभं राहून हात हलवण्याऐवजी तोंड झाकून सरळ पळावं आणि बंद खोलीत शिरावं. मोहोळ शाळेच्या दारावर किंवा रोजच्या वाटेवर असेल तर ते काढायला जाणकार माणूस बोलवावा. इतर ठिकाणी ते राहू द्यावं.

आता पऱ्हाटीचा ढीग. माझ्या मते वऱ्हाडातल्या घराला सगळ्यात मोठा धोका या ढिगात आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्या चुलीसाठी घराच्या मागच्या भिंतीला लावून रचल्या जातात. शेजारी कोठा, कोठ्यात कुटार, कुटारात राहिलेले तुरीचे-हरभऱ्याचे दाणे. त्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि पऱ्हाट्यांच्या जाळ्यात त्यांना मांजर पोचू शकत नाही. उंदरांमागून धामण येते, नाग येतो. पावसाचं पाणी बिळांत शिरलं की हे सगळं एकदम कोरड्या जागी, म्हणजे घरात सरकतं. सापाला घरात काही रस नाही, तो उंदराच्या मागावर असतो.

ढीग भिंतीपासून दहा-पंधरा पावलं दूर न्यावा, आणि खाली दगड किंवा जाड लाकडं टाकून जमिनीपासून फूटभर उचलावा, म्हणजे खालून आरपार दिसतं. पऱ्हाट्या काढायच्या त्या दिवसा; आधी काठीनं ढीग हलवायचा, मग हात घालायचा. संध्याकाळी अंधारात चुलीपुढून उठून सरपण ओढायला गेलेल्या बायकांना साप चावतो, हे आपल्याकडं नवीन नाही. सकाळीच दिवसभराचं सरपण घरात आणून ठेवलं तर हा धोका जवळजवळ संपतो. धान्य पोत्यात न ठेवता झाकणाच्या कोठीत ठेवा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो, तेव्हा मोरीच्या नळाला आणि जोत्याच्या झरोक्यांना पाव इंचाची जाळी बसवावी. घुशीनं उकरलेलं बीळ नुसत्या मातीनं बुजवलं तर रात्रीत पुन्हा उघडतं. काचेचा चुरा मिसळलेल्या सिमेंटनं बुजवावं. ही सगळी कामं मे महिन्यात आटोपली पाहिजेत.

उंदराच्या विषाबद्दल मन घट्ट करून सांगतो : घरात टाळा. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन हा विषारी वायू तयार करतं. ते लहान मुलाच्या हाती लागलं तर त्याला उतारा नाही. काही विषांनी हळूहळू मरणारा उंदीर घुबडाच्या पोटात जातो आणि घुबडही मरतं. गव्हाणी घुबडाची एक जोडी पिल्लं वाढवताना शेकड्यांनी उंदीर संपवते. पडक्या वाड्यात ती जोडी असेल तर अपशकुन म्हणून हुसकू नका.

साप दिसलाच तर पहिलं काम लांबून नजर ठेवण्याचं. लेकरं-ढोरं बाहेर काढा, आतल्या खोलीच्या दाराखालची फट ओल्या कापडानं बंद करा, एकानं दहा फुटांवरून लक्ष ठेवावं आणि दुसऱ्यानं १९२६ ला किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला फोन करावा. फिनाईल, लसूण, कार्बोलिक ॲसिड यांच्या रेषेनं साप अडतो यावर विसंबू नका. ओळख असेल तर घबराट कमी होते, म्हणून दोन जोड्या सांगतो. मण्यार काळीनिळी, चकचकीत असते. अंगावर बारीक पांढऱ्या आडव्या रेघा जोडीजोडीनं असतात, मानेजवळ त्या नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडं ठळक होतात. निरुपद्रवी कवड्या तपकिरी असतो. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. घोणस जाड, अंगावर साखळीसारख्या मोठ्या ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि डिवचली की कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते. तिच्यासारखी दिसणारी डुरक्या घोणस आखूड, बोथट शेपटीची आणि बिनविषारी. अंधारात मात्र ही परीक्षा घेऊ नका.

मण्यार रात्री फिरते, उबेला येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका हलका असतो की पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं. ‘रात्री काहीतरी खाण्यात आलं असेल’ म्हणून तास जातात आणि श्वास घेणारे स्नायू थकत जातात. पावसाळ्यात खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचणं यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा बचाव मला माहीत नाही. भारतात वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं सर्पदंशानं मरतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं.

चावल्यावर कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. अंगठ्या-पाटल्या काढा, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालायला लावू नका आणि १०८ बोलवा. मांत्रिकाच्या ठाण्यावर नेऊन बसवलेली कितीतरी माणसं बरी होतात, ती साप बिनविषारी होता किंवा दंशात विष उतरलंच नव्हतं म्हणून. ज्याच्या अंगात विष उतरलं त्याचे मात्र तिथले दोन तास परत मिळत नाहीत. साप मारून दवाखान्यात नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडं मिळणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असते. घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ती बनवतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम फार जुनं आहे.

डॉक्टर एक साधी तपासणी करतात, ती घरच्यांनी समजून घ्यावी, म्हणजे ‘नुसतं बसवून ठेवलंय’ असा संताप होत नाही. थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त गोठलेलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात उतरलं आहे आणि लस लगेच सुरू होते. मण्यार आणि नागाचं विष या नळीत दिसत नाही. त्यासाठी पापण्या, मान उचलता येते का, आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात हे वारंवार पाहतात. श्वास कमी पडायला लागला तर कृत्रिम श्वासयंत्र लागतं, म्हणून तेल्हारा किंवा अकोटहून अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पाठवतात. पहिली तपासणी चांगली आली तरी रुग्णाला २४ तास ठेवून घेतात, कारण मण्यारीच्या विषाची लक्षणं उशिरानं दिसू शकतात. सकाळी बरं वाटतंय, घरी ढोरं बांधलेली आहेत, असं म्हणून त्याला मधेच सोडवून आणू नका. ढोरांची वैरण शेजाऱ्याला सांगा आणि कुणीतरी एकानं खाटेजवळ बसून रुग्णाच्या पापण्यांवर लक्ष ठेवावं.